कराडच्या आकाशासाठी ॲप निवडताना

पीपीएल म्हणजे खाजगी पायलटचं लायसन्स हातात आल्यापासून लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक म्हणजे विमान ॲव्हरेज किती देतं, त्याचं उत्तर सोपं आहे, सेसना १७२ तासाला साधारण ३० ते ३५ लिटर खाते. दुसरा प्रश्न शिकणारी पोरं विचारतात, की नकाशाला आणि प्लॅनिंगला ॲप कुठलं घेऊ. ह्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण मी स्वतः शोध घेतला तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते सगळं अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या पायलटांनी लिहिलेलं होतं आणि त्यातलं निम्मं कराड-सांगली भागात उडणाऱ्याला लागूच होत नाही.

मी कराडचा, धंदा शेती अवजारांचा. विमान स्वतःचं नाही, क्लबचं भाड्याने घेतो आणि बहुतेक वेळा शेजारी इन्स्ट्रक्टर सर असतात, एअर फोर्समधून रिटायर झालेले. माझं उडणं म्हणजे काय, तर कराडहून कोल्हापूर, सरळ रेषेत चाळीस नॉटिकल मैलांच्या आतच, नाहीतर कराडहून बारामती, ते साधारण साठ. आणि मनात कधीपासून असलेला रूट म्हणजे घाट ओलांडून रत्नागिरी. ट्रेनिंगमधे हे सगळं हाताने केलंय, चार्टवर पेन्सिलीने रेघ मारायची, प्रोट्रॅक्टरने ट्रॅक काढायचा, गोल फिरवायच्या फ्लाइट कॉम्प्युटरवर वारा टाकून हेडिंग काढायचं, मग दर आठ-दहा मैलांना एक चेकपॉइंट धरून वेळा लिहायच्या. मॅग्नेटिक व्हेरिएशन आपल्याकडे नगण्य असल्यामुळे ती एक कटकट नाही. पण वारा बदलला की परत सगळं पहिल्यापासून. ॲप हवं होतं ते ह्याच्यासाठी, आणि दुसरं म्हणजे वर गेल्यावर आपण नेमके कुठे आहोत ते एका नजरेत कळावं म्हणून.

आता कुणी म्हणेल कराड-कोल्हापूरला नकाशा कशाला, खाली हायवे आहे, कृष्णा आहे, पुणे-मिरज रेल्वे आहे. खरं आहे, ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी काहीच लागत नाही, वारणा ओलांडली की कोल्हापूरचं रान आलं समजायचं. पण जानेवारीत कारखाने जोरात असतात, नदीकाठचं धुकं आणि धूर एकत्र होऊन जो करडा थर बसतो ना, त्यात उसाचा एक पट्टा दुसऱ्यासारखाच दिसतो आणि सह्याद्री कारखान्याची चिमणी का कृष्णा कारखान्याची हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आपण व्हीएफआरवाले, म्हणजे डोळ्यांनी बघून उडणारे, दहा हजार फुटांच्या खाली ५ किलोमीटर दिसलं पाहिजे असा नियम, आणि तसल्या सकाळी पाचाचे चार कधी होतात ते कळत नाही. तिथं नकाशावरचं आपलं छोटंसं विमान बघून जीवाला आधार मिळतो, हे मी मनापासून सांगतो.

तर शोध सुरू झाला आतेभावापासून. तो टेक्सासला असतो, तिकडं वीकेंडला उडतो. फोनवर म्हणाला, "दादा, दुसरं काही बघू नकोस, फोरफ्लाइट घे." त्याच्याकडे सगळं त्यातच होतं, प्लॅन त्यातच बनवायचा, त्यातूनच फाइल करायचा, उडताना रडारचा पाऊस स्क्रीनवर येतो, आसपासची विमानं दिसतात. ऐकून भारी वाटलं. येताना एक रिसीव्हर पण आणतो म्हणाला, डॅशबोर्डवर ठेवायची छोटी डबी असते. मी म्हणलं थांब, आधी बघतो आपल्याकडं चालतंय का. आणि बघितल्यावर कळलं की त्या डबीत फुकट येणारं हवामान हे अमेरिकेतल्या सरकारी जमिनीवरच्या स्टेशनांवरून ९७८ मेगाहर्ट्झवर येतं, ती यंत्रणा अमेरिकेची आहे, आपल्याकडं नाही. १०९० वर आसपासची विमानं दिसतील पण कराडच्या आसपास खाली उडणारी किती विमानं तो सिग्नल पाठवत असतील ते तुम्हीच ठरवा. आणि ह्याच निमित्ताने एक गोष्ट जाता जाता सांगतो, तिकडचे बरेच जण सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी छोटी यंत्रं खिशात ठेवतात, ती भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे. कुणी पाहुण्याने प्रेमाने आणून दिलं तरी घेऊ नका, एअरपोर्टवर अडचणीत याल.

फ्लाइट प्लॅनचंही तसंच. तिकडं ॲपमधे बटण दाबलं की प्लॅन फाइल. आपल्याकडं प्लॅन एअरपोर्ट्स ॲथॉरिटीकडं जातो, मग फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा म्हणजे एफआयसी नंबर घ्यायचा, एअर डिफेन्स क्लिअरन्सचा म्हणजे एडीसी नंबर घ्यायचा, ते दोन्ही हातात आल्याशिवाय चाकं हलवायची नाहीत. ॲप कितीही महागाचं घ्या, हे काम ॲपाच्या बाहेरच व्हायचंय. त्यामुळे "त्यातून डायरेक्ट फाइल होतं" हा गुण मी माझ्या हिशोबातून पहिल्याच दिवशी काढून टाकला.

मग मी यादी बनवली नाही, उलटं केलं. तुलनेचे तक्ते वाचायचे बंद केले आणि ठरवलं की प्रत्येक ॲपला आपल्या भागातलेच प्रश्न विचारायचे. बहुतेक चांगल्या ॲपांना महिनाभराची मोफत ट्रायल असते, त्यामुळे पैसे न भरता हे करता येतं. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, ते आहे का? गोव्याचं मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, सिंधुदुर्गचं चिपी ऑक्टोबर २०२१ पासून, ती दोन्ही आहेत का, आणि दाबोळी आणि मोपा वेगळी दाखवतंय का? सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी आज वापरात नाही, ती चालू विमानतळ म्हणून दाखवत नाही ना? लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, त्याच्या भोवतीची हद्द नीट आखलीय का? आणि शेवटचं, आमचं कराड कुठं दाखवतंय, धावपट्टीची दिशा बरोबर आहे का?

हे विचारायला काहीच अवघड नाही पण ह्यात ॲपाचा सगळा स्वभाव कळतो. एका ॲपात नवी मुंबईचा पत्ताच नव्हता आणि कवलापूर मात्र ठळक निळं, म्हणजे बारामतीहून सांगलीकडं येताना इंजिन खरखरलं तर ते ॲप मला कवलापूरला उतर म्हणणार. ते त्याच संध्याकाळी काढून टाकलं. लोकांनी भरलेल्या फुकट डेटावर चालणारी ॲपं वाईट असतात असं मुळीच नाही, ओपनएआयपी ह्या खुल्या डेटासारखं काम जगभरचे हौशी लोक मन लावून करतात, पण ज्या भागात उडणारे कमी त्या भागात भरणारेही कमी.

अधिकृत माहिती कुठली मानायची तर एअरपोर्ट्स ॲथॉरिटीचं एआयपी, म्हणजे हवाई माहितीचं अधिकृत पुस्तक. ते ऑनलाइन फुकट बघता येतं, त्यात विमानतळांचे चार्ट, हद्दी, फ्रिक्वेन्सी सगळं आहे. जगभर ह्या माहितीत बदल २८ दिवसांच्या चक्राने होतात, एअरॅक म्हणतात त्याला, वर्षाला १३ चक्रं, २०२६ चं पहिलं चक्र २२ जानेवारीला सुरू झालं. ॲपाचा डेटा कुठल्या चक्राचा आहे ते त्याच्या डाउनलोडच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि जे ॲप ते लिहितच नाही ते माझ्या लेखी बाद. मी तर म्हणेन ही एकच गोष्ट तपासली तरी निम्मी ॲपं गळतात.

आता उपकरणाचं. हा भाग भराभर सांगतो पण पैसे इथंच जातात म्हणून नीट वाचा. फोरफ्लाइट फक्त आयफोन-आयपॅडवर चालतं. गार्मिन पायलट दोन्हीकडं चालतं, अँड्रॉइडवरही, आणि विमानात गार्मिनचा नवा पॅनल असेल तर त्याच्याशी जोडताही येतं. स्कायडेमन इंग्लंडचं, युरोपातले लोक त्याच्यावर जीव टाकतात, पण त्याचा सगळा भर तिकडच्या हवाई हद्दींवर. आयपॅड घ्यायचा ठरलं तर सेल्युलर म्हणजे सिमवाला घ्यायचा, नुसत्या वायफायवाल्या आयपॅडला स्वतःचं जीपीएस नसतं, मग बाहेरून वेगळा रिसीव्हर जोडत बसावं लागतं. सिम टाकलं नाही तरी चालतं, जीपीएसला सिम लागत नाही, पण मॉडेल ते पाहिजे. आणि साइज मिनीच. मोठा आयपॅड मांडीवर ठेवला आणि योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंग पूर्ण मागं ओढलं की टॅबला लागतं का ते जमिनीवर बसून बघा, मी क्लबच्या सेसना १५२ मधे पुठ्ठा कापून त्या मापाचा मांडीवर धरून बघितलं, आणि मोठ्याचा विषय तिथंच संपला.

उन्हाचं पण सांगतो. ॲपलने आयपॅड वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगितलंय. एप्रिलमधे आपल्याकडं सावलीतच ३८ असतं आणि बंद कॉकपिटमधे काय असेल ते सांगायलाच नको. आमच्या बरोबरच्या एकाचा टॅब रनवेच्या तोंडाशी थांबलेला असतानाच तापून बंद पडला, काळी स्क्रीन आणि थंड होऊ द्या असा मेसेज. तो अजून जमिनीवरच होता म्हणून काही बिघडलं नाही. तेव्हापासून आम्ही सगळेच टॅब काचेला चिकटवत नाही, मांडीवर सावलीत ठेवतो, जाड कव्हर काढून टाकतो, ब्राइटनेस लागेल तेवढाच ठेवतो आणि चार्जिंग उडायच्या आधीच पुरं करतो कारण चार्ज होताना तो आणखी तापतो.

ह्याच्या पुढचा भाग माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, पवनचक्क्यांचा.

साताऱ्याहून सज्जनगडच्या पायथ्यावरून ठोसेघरला गेलात की पुढं चाळकेवाडीचं पठार लागतं, तिथून पलीकडं वनकुसवड्यापर्यंत पवनचक्क्याच पवनचक्क्या. पठारच समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या वर, आणि त्यावर ते टॉवर. कराडहून पश्चिमेला किंवा साताऱ्याकडं जाताना ढग जरा खाली आले की माणूस आपोआप खाली येतो, आणि खाली येऊन ह्याच पठाराच्या अंगावर जातो. मी दोन ॲपं डाउनलोड करून हा भाग उघडला, एकात काही थोड्या खुणा होत्या आणि दुसऱ्यात पठार नुसतं तपकिरी, एकही पवनचक्की नाही.

मला आधी वाटलं सेटिंग चुकलंय. मग खोलात गेलो तेव्हा कारण कळलं. देशभरासाठी अडथळ्यांची जी माहिती आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे ठेवायची असते तिच्यात जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून उंच गोष्टी धरतात, विमानतळाजवळचे निकष वेगळे आणि कडक. जुन्या पवनचक्क्या बऱ्याच त्याहून बुटक्या. म्हणजे त्या यादीत नसल्या तरी कुणी नियम मोडलाय असं नाही, त्या त्यात यायच्याच नाहीत. आता ह्याला ॲपाच्या रंगांची जोड द्या. टेरेनची म्हणजे खालच्या जमिनीची चेतावणी देताना साधारण पद्धत अशी, की जमीन तुमच्या खाली हजार फुटांच्या आत आली की पिवळी आणि शंभर फुटांच्या आत आली की लाल. समजा पठार ३,७०० फुटांवर आहे आणि तुम्ही ३,९०० वर आहात, तर ॲप पिवळा दाखवणार, म्हणजे सावध राहा एवढंच. आणि तिथं पाऊणशे मीटरची पवनचक्की असेल तर तिच्या पात्याचं टोक ३,९५० फुटांना. पिवळ्या रंगात पातं तुमच्या वर आहे. हे गणित मी घरी टेबलावर बसून केलं आणि दुसऱ्या दिवशी कामगारांना दुकान उघडायला सांगून थेट चाळकेवाडीला गेलो.

बरोबर धाकटा भाऊ होता, गाडी तो चालवत होता. आदल्या रात्री मी गुगल अर्थवर सॅटेलाइट फोटोत पवनचक्क्या शोधून पिना लावल्या होत्या, टॉवर वरून पटकन दिसत नाही पण त्याची लांब सावली पठारावर पडलेली दिसते, सावलीच्या बुडाशी पिन. ते सगळं केएमएल फाइलमधे, म्हणजे नकाशावरच्या खुणांच्या फाइलमधे, सेव्ह करून ॲपात टाकलं आणि पठारावर फिरत एकेक जुळवत गेलो. भाऊ दर वळणाला विचारायचा, "अजून किती हायत?" आणि मी म्हणायचो गाडी सावकाश घे. काही पिना पडलेल्या होत्या पण तिथं आता टॉवर नव्हता, काही नवीन उभे होते जे फोटोत नव्हते. वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. एका टॉवरखाली उभा राहून वर बघितलं आणि खरं सांगतो, विमानातून ज्या गोष्टीला मी लांबून छान दिसतं म्हणायचो तिच्याकडं बघायची नजर बदलली.

इथंच माझी निवड झाली. कुठल्या ॲपाचा नकाशा जास्त सुंदर, कुणाचं हवामान जास्त भारी, ह्याच्यापेक्षा मला एकच पाहिजे होतं, की मी स्वतः गोळा केलेली माहिती ते ॲप त्याच्या नकाशावर नीट घेतं का, उडताना ती ठळक दिसते का, आणि ती फाइल मी दुसऱ्या पायलटाला देऊ शकतो का. कारण अमेरिकेत बसलेली कंपनी वनकुसवड्याच्या पवनचक्क्या मोजायला येणार नाही, त्यांनी यावं अशी अपेक्षाही नाही. पाटणच्या डोंगरातल्या हाय टेन्शनच्या तारा, दरी ओलांडून जाणाऱ्या, कारखान्यांच्या चिमण्या, उतरायला बरी अशी मोकळी माळरानं, ही माहिती इथं राहणाऱ्या माणसाकडंच असणार. फोरफ्लाइटमधे अशा फाइलींचा स्वतःचा संच करून टाकता येतो, केएमएल चालतं, आपल्या वेपॉइंटांची म्हणजे रूटवरच्या ठिकाणांची यादी चालते, पीडीएफही चालतात, म्हणजे एआयपीमधले विमानतळांची पानंही त्यातच ठेवता येतात. म्हणून शेवटी आतेभावाचं ॲप घेतलं, पण त्याने सांगितलेल्या एकाही कारणासाठी नाही.

पैशांचं म्हणाल तर वर्गणी वर्षाची आणि डॉलरमधे, त्यात बँकेचा कन्व्हर्जन चार्ज धरायचा, आणि जेप्सन कंपनीचे चार्ट पाहिजे असतील तर त्याचे वेगळे. मी व्हीएफआर उडणारा माणूस, जेप्सनचे घेतले नाहीत. रोजच्या कच्च्या प्लॅनिंगला लॅपटॉपवर स्कायव्हेक्टर आहेच, ते फुकट आहे, रेघ ओढा, अंतर आणि ट्रॅक बघा, प्रिंट काढा. शिकणाऱ्या पोरांना मी तेच सांगतो, आधी त्यावर हात बसू द्या, घाईने वर्गणी भरू नका.

घेण्याआधी आणखी एक परीक्षा घेतली ती एसटीत. कराड-पाटण रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा, मुद्दाम मागच्या सीटवर बसून, टॅब मांडीवर बांधून, एका हाताने सगळं करून बघितलं. एक हात योकवर असतो असं धरायचं. जवळचं विमानतळ शोधायचं आणि तिकडं वळायचं, किती वेळा बोट लावावं लागतं? नकाशा झूम करताना रूट सरकून वाकडा होतो का? उन्हाळ्यात दुपारी माळरानावरून येणाऱ्या उकळत्या हवेत विमान तसंच हलतं, आणि घरी सोफ्यावर सोपी वाटणारी ॲपं तिथं उघडी पडतात. एका ॲपात बोट जरा घसरलं की रूटमधे नवीनच वेपॉइंट घुसायचा, आणि तो काढायला तीन मेनू. शेजारच्या मावशी बराच वेळ बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "गेम हाय का काय?" त्यांना सगळं समजावून सांगितलं, पार पाटण येईपर्यंत, त्यांनीही मन लावून ऐकलं.

प्लॅनिंगच्या आकड्यांत दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. ॲपात विमानाची प्रोफाइल तयार मिळते पण ती तशीच वापरू नका, आपल्या त्या विमानाच्या हँडबुकातले आकडे स्वतः भरा, क्लाइंबला किती जातं, क्रूझला किती, आणि युनिट बघा. प्रोफाइल अमेरिकन गॅलनमधे असते, आपला हिशोब लिटरमधे, एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. दुसरी गोष्ट डेन्सिटी अल्टिट्यूड. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण एकोणीसशे फूट, मे महिन्यात ३८ अंश असेल तर विमानाला ती पाच हजार फुटांच्या वर असल्यासारखी वाटते, इंजिन तेवढं ओढत नाही आणि धाव लांबते. ॲप हा आकडा काढून देतं, पण आमच्याकडं मेटार म्हणजे विमानतळाचा हवामान रिपोर्ट निघत नाही त्यामुळे ते तापमान लांबच्या स्टेशनचं धरतं किंवा मॉडेलचं धरतं. मी धावपट्टीवरचं तापमान स्वतः बघून हाताने टाकतो. वाऱ्यासाठी विंडी ह्या हवामानाच्या साइटवर वरच्या उंचीचा वारा बघतो, आसपासच्या मोठ्या विमानतळांचे मेटार बघतो, हवामान खात्याचं ब्रीफिंग बघतो आणि शेवटी विंडसॉक म्हणजे धावपट्टीजवळची वारा दाखवणारी कापडी पिशवी बघतो.

सरांचं मत काय हे बऱ्याच जणांनी विचारलं. ते ॲपाच्या विरोधात अजिबात नाहीत. पण त्यांची अट अशी की पहिल्या कोल्हापूर फ्लाइटला प्लॅन आधी हाताने करायचा, मग ॲपात, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक समजावून सांगायचा. हेडिंग जुळलं, वेळेत फरक आला कारण ॲपाने क्लाइंबचा वेळ वेगळा धरला होता. "अहो, आता तुम्हाला माहितीय ते कुठं कमी धरतंय," सर म्हणाले, "आता वापरा." आणि मग त्या फ्लाइटला मी बघितलं की ॲप जी उंची दाखवतं ती अल्टिमीटरपेक्षा जास्त होती, शे-दीडशे फूट. ती जीपीएसची उंची. उन्हाळ्यात हवा विरळ आणि गरम असते तेव्हा खरी उंची अल्टिमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे असा फरक येणारच, पण एटीसीला सांगायची आणि धरून ठेवायची ती क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीचा दाब लावलेल्या अल्टिमीटरचीच. इस्लामपूरच्या बाजूने पुढं गेल्यावर कोल्हापूर टॉवरने एस्टिमेट म्हणजे पोचायची अंदाजे वेळ विचारली, ॲपात ती यूटीसीमधे म्हणजे जागतिक वेळेत तयार होती, साडेपाच तास वजा करायची डोक्याला कटकट नाही, सरळ वाचून दाखवली. तेवढ्यात डोळे बाहेर ठेवता आले. माझ्या मते ॲपाचा खरा फायदा हा आहे, मान खाली घालून हिशोब करायचा वेळ वाचतो.

जीपीएस गेलं तर काय, हा प्रश्न आता टाळता येत नाही, जगभर सिग्नलमधे ढवळाढवळ व्हायला लागलीय. मी कागदाची प्रिंट मांडीच्या पट्ट्याखाली ठेवतो, त्यावर चेकपॉइंट आणि वेळा हाताने लिहिलेल्या, उंब्रज, कराड, वाठार, पेठ नाका, जसे येतील तसे टिक करायचे. टॅबच बंद पडला तर खिशातल्या अँड्रॉइड फोनवर ऑरगॅनिक मॅप्स आहे, फुकट आहे, नकाशा आधी उतरवून ठेवला की नेटशिवाय चालतो, आणि माझी तीच केएमएल फाइल त्यातही उघडते. विमानाचं ॲप नाही ते, पण आपण कुठं आहोत आणि पवनचक्क्या कुठं आहेत एवढं दाखवतं.

सध्या ती फाइल क्लबमधल्या सगळ्यांकडं आहे. चाळकेवाडीचा भाग मी स्वतः जमिनीवरून जुळवलाय, वनकुसवड्याच्या टोकाकडचा अर्धाच झालाय, आणि कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावरच्या पवनचक्क्या फक्त सॅटेलाइट फोटोवरून टाकल्यात, त्या पिनांना मी वेगळा रंग दिलाय म्हणजे तपासलेल्या नाहीत हे कळावं. जतकडून येणाऱ्या कुणाला तिकडचं रान माहिती असेल तर जाऊन जुळवा आणि बदललेली फाइल परत पाठवा, तारीख फाइलच्या नावातच लिहा. रत्नागिरीचा रूट पावसाळा संपल्यावर, त्याच्या आधी घाटमाथ्यावरच्या तारांचे टॉवर मला टाकायचे आहेत, ते काम दिवाळीपर्यंत चालेल असं दिसतंय.